खाणीच्या गाडीतला जीपीएस: त्यातली नोंद तुमच्या काय कामाची?

तुमच्या गावावरून कोळशाचे किंवा लोहखनिजाचे टिपर जात असतील, तर त्यांतल्या बहुतेक गाड्यांत तळहाताएवढी एक पेटी बसवलेली असते. गाडी कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, इंजिन केव्हा सुरू झाले आणि केव्हा बंद पडले, हे ती ठरावीक सेकंदांनी टिपते आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून खाणीच्या किंवा सरकारच्या संगणकावर पाठवते.

गाडी वाहतूकदाराची, पेटी कंपनीची, मग यात आपला काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. संबंध आहे. तुमच्या जिल्ह्याच्या खनिज प्रतिष्ठानात किती पैसा जमा व्हायला हवा होता, हे गाड्यांच्या नोंदीवरून पडताळता येते. टिपरने कोणाला उडवले आणि गाडी पळून गेली, तर ती कोणती होती हे याच नोंदीवरून शोधता येते. आणि तुम्ही स्वतः कंत्राटी चालक असाल, तर तुमच्या फेऱ्या व दंड यांचा हिशोबही इथूनच निघतो.

कागदोपत्री या पेटीचे नाव 'वाहन स्थान मागोवा यंत्र' असे आहे. खाणीवर मात्र सगळे तिला 'जीपीएस'च म्हणतात, म्हणून या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

पेटीत नेमके काय नोंदले जाते?

प्रवासी वाहनांसाठी केंद्र सरकारने 'एआयएस-१४०' नावाचे मानक ठरवले आहे. खनिज वाहतुकीच्या गाड्यांसाठीही काही राज्ये याच मानकाचे यंत्र मागतात. या मानकाप्रमाणे यंत्रात उपग्रहावरून स्थान ओळखणारा भाग, एक सिमकार्ड आणि स्वतःची छोटी बॅटरी असते. गाडीची मुख्य वायर काढली तरी ही बॅटरी सुमारे ४ तास काम देते, आणि वायर काढली गेली हा निरोपही ताबडतोब जातो. पेटी उघडायचा प्रयत्न झाला तर त्याची वेगळी नोंद पडते.

प्रत्येक नोंदीत गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, वेग, इंजिन चालू की बंद आणि वीजपुरवठ्याची स्थिती इतके तरी असतेच. गाडी चालू असताना दर ५ सेकंदांना एक नोंद पाठवण्याइतकी यंत्राची क्षमता असावी लागते.

"आमच्याकडे जंगलात रेंजच नसते, मग कसला जीपीएस?" हा प्रश्न खूप जण विचारतात. उपग्रहाचा संकेत घ्यायला मोबाइलची रेंज लागत नाही. रेंज लागते ती फक्त नोंद पुढे पाठवायला. रेंज नसेल तेव्हा यंत्र नोंदी आपल्या पोटात साठवते (मानकानुसार किमान ४०,००० नोंदी मावल्या पाहिजेत) आणि रेंज आली की पाठवून देते. अशा उशिरा आलेल्या नोंदीवर 'एच' हे अक्षर असते आणि त्याच वेळी आलेल्या नोंदीवर 'एल'. म्हणून "त्या भागात नेटवर्क नव्हते, त्यामुळे नोंदच नाही" असे उत्तर मिळाले तर लगेच मान्य करू नका. साठवलेल्या नोंदीही द्या, असे लेखी मागा.

वेळेबद्दलही एक सावधगिरी बाळगा. उपग्रहाची घड्याळे जागतिक वेळेवर चालतात आणि ही वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. यंत्राची कच्ची नोंद मिळाली तर रात्री ९.३० चा प्रसंग कागदावर १६:०० असा दिसू शकतो. पहाटे ४ वाजताची घटना तर आदल्या दिवशीच्या २२:३० ला लागलेली दिसेल. तारीख चुकली म्हणून नोंद खोटी ठरवण्याआधी, किंवा कोणी ती तशी ठरवू पाहत असेल तर, आधी साडेपाच तास मिळवून बघा.

खाणीच्या आतले डंपर

रस्त्यावरचा टिपर (बरेच जण त्याला 'हायवा' म्हणतात) आणि खाणीतला मोठा डंपर यांत फरक आहे. डंपर खाणीबाहेर येत नाही. तो शॉवेलपाशी भरतो आणि माल क्रशरवर किंवा मातीच्या ढिगावर नेऊन टाकतो. त्याच्यावरची नोंद-यंत्रणाही जास्त खोलात जाते. इंजिनाचे तापमान, तेलाचा दाब, डिझेल, टायरवरचा भार, प्रत्येक फेरीला भरायला लागलेला वेळ आणि रिकामा करायला लागलेला वेळ, हे सगळे त्यात येते. चाकांवरच्या सस्पेन्शनमधल्या दाबावरून मालाचे वजनही काढले जाते.

निरोप दोन्ही बाजूंनी चालतात. कोल इंडियाच्या काही मोठ्या खुल्या खाणींत डंपरना शॉवेल वाटून देण्याचे काम संगणक करतो. कोणत्या शॉवेलपाशी रांग आहे आणि कोणता शॉवेल रिकामा उभा आहे हे पाहून चालकासमोरच्या पडद्यावर पुढचा थांबा दाखवला जातो. खाणीच्या खड्ड्यात मोबाइलचे नेटवर्क पोहोचत नाही, म्हणून अशा ठिकाणी खाण स्वतःचे बिनतारी मनोरे उभारते. खड्ड्याच्या उंच भिंतीमुळे कधी कधी उपग्रहाचा संकेतही तुटतो.

तुमच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे. खुल्या कोळसा खाणीत डंपरच्या बऱ्याच फेऱ्या कोळशाच्या नसतात, कोळशावरची माती-दगड काढण्याच्या असतात. कामगार याला 'ओबी' म्हणतात. ओबीवर स्वामित्वधन लागत नाही, कोळशावर लागते. त्यामुळे खाणीत दिवसभरात किती डंपर फिरले या आकड्यावरून गावाच्या निधीबद्दल काहीच ठरत नाही. त्यासाठी काट्यावरची नोंद पाहावी लागते.

काट्यावर काय होते?

खनिज खाणीबाहेर पडताना गाडीचे वजन होते, आधी रिकाम्या गाडीचे आणि मग भरलेल्या गाडीचे. दोन्हींतला फरक म्हणजे माल. कोल इंडियाच्या अनेक खाणींत गाडीच्या काचेवर फास्टॅगसारखा टॅग असतो. काट्यापाशी तो वाचला जातो, कॅमेरा फोटो घेतो आणि मगच अडसर उचलला जातो. वजनासोबत गाडी क्रमांक, वेळ आणि पास यांची नोंद होते. खाणीपासून रेल्वे साइडिंगपर्यंतचा किंवा वीज केंद्रापर्यंतचा रस्ता संगणकावर आखून ठेवलेला असतो. गाडी त्या हद्दीबाहेर गेली, वाटेत फार वेळ थांबली किंवा पेटी बंद पडली की नियंत्रण कक्षात इशारा जातो.

राज्यांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. ओडिशात खनिजाची परवानगी, पास आणि गाड्यांची नोंदणी 'आयथ्रीएमएस' या एकाच प्रणालीत होते. महाराष्ट्रात वाळू, मुरूम, दगड अशा गौण खनिजांसाठी 'महाखनिज' ही प्रणाली आहे.

काटा आणि जीपीएस या दोन नोंदी एकमेकींना जोडल्या तरच कामाच्या. जीपीएस सांगतो की गाडी गेली. काटा सांगतो की तिच्यात किती माल होता. एकट्या जीपीएसला गाडी रिकामी आहे की भरलेली हे कळत नाही, आणि एकट्या काट्याला गाडी पुढे कुठे गेली हे कळत नाही.

एका टिपरमागे गावाचे किती रुपये?

कोळशावर स्वामित्वधन किमतीच्या १४ टक्के आहे (पश्चिम बंगालची पद्धत वेगळी आहे). हे स्वामित्वधन राज्य सरकारला मिळते. त्याच्या जोडीला खाणधारकाला जिल्हा खनिज प्रतिष्ठानात आणखी रक्कम भरावी लागते. १२ जानेवारी २०१५ च्या आधी दिलेला खाणपट्टा असेल तर स्वामित्वधनाच्या ३० टक्के, आणि त्यानंतर लिलावाने दिलेला असेल तर १० टक्के.

समजण्यासाठी एक हिशोब मांडू. कोळशाचा भाव टनाला २,००० रुपये धरा. (प्रत्यक्ष भाव कोळशाच्या प्रतीनुसार कमीजास्त असतो.) स्वामित्वधन झाले २८० रुपये. जुना खाणपट्टा असेल तर प्रतिष्ठानाचा वाटा ८४ रुपये. टिपरमध्ये २५ टन माल असेल तर त्या एका गाडीमागे तुमच्या जिल्ह्याच्या निधीत २,१०० रुपये जमा व्हायला हवेत. लिलावातला नवा खाणपट्टा असेल तर ७०० रुपये.

आता समजा, रोज ५० गाड्या जातात आणि प्रत्येक गाडीत लिहिल्यापेक्षा २ टन जास्त माल आहे. रोजचे १०० टन लिहिलेच गेले नाहीत. निधीचे रोजचे नुकसान ८,४०० रुपये, आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर २५ लाख २० हजार रुपये. गावाबाहेरून डोळ्यांना हे काहीच दिसत नाही. टिपर तितकेच, रस्ता तोच, धूळही तेवढीच. रस्ता मात्र जास्त वजनाने लवकर खचतो.

ही भीती उगाच घातलेली नाही. २०११ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी बळ्ळारीच्या लोहखनिजावर अहवाल दिला. पासाशिवाय झालेली वाहतूक आणि क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या गाड्या हा त्यातला मोठा भाग होता. गोव्यात न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये लोहखनिजाचे उत्खनन थांबले आणि ट्रकमालक, चालक, बार्जवरचे कामगार अशा हजारो घरांची कमाई एका फटक्यात बंद झाली. गाड्यांचा हिशोब बिघडला तर त्याची झळ आधी सरकारी तिजोरीला बसते आणि मग रस्त्याकडेच्या माणसालाच.

प्रतिष्ठानाचा पैसा कशावर खर्च होतो?

जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या नियमांप्रमाणे खर्च होतो. ही योजना सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे बदलली. आता खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग प्रत्यक्ष बाधित मानला जातो आणि २५ किलोमीटरपर्यंतचा भाग अप्रत्यक्ष बाधित. निधीतला किमान ७० टक्के खर्च प्राधान्याच्या कामांवर व्हायला हवा. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण, वृद्ध व दिव्यांगांसाठीच्या सोयी, कौशल्य प्रशिक्षण, स्वच्छता आणि प्रदूषण नियंत्रण ही कामे त्यात येतात.

हा निधी मुख्यतः कामांवर आणि सेवांवर खर्च होतो. "तुमच्या खात्यात खनिज निधीचे पैसे जमा करून देतो" असे सांगून कोणी आधार क्रमांक, ओटीपी किंवा शुल्क मागत असेल तर देऊ नका.

प्रतिष्ठानाने संकेतस्थळ ठेवायचे असते आणि त्यावर जमा रक्कम, मंजूर कामे, बैठकांची इतिवृत्ते व वार्षिक अहवाल टाकायचे असतात. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते. ग्रामसभेत सहसा आपण "काम कधी होणार" एवढेच विचारतो. "आपल्या तालुक्यातल्या खाणीतून गेल्या तिमाहीत किती टन माल गेला आणि त्यावर किती रक्कम जमा झाली" हेही विचारा. दुसरा प्रश्न विचारला की पहिल्याचे उत्तर नीट मिळू लागते, असे माझे मत आहे. उत्तर तोंडी मिळाले तर ठरावात लिहून घ्या.

संकेतस्थळावर माहिती नसेल किंवा जुनी असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे असावा. शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास त्याच कार्यालयात पहिले अपील करता येते. अर्जात मोघम लिहू नका. "सर्व माहिती द्यावी" असा अर्ज हमखास अडकतो. असे लिहा:

"अमुक खाणीतून १ एप्रिल ते ३० जून या काळात बाहेर गेलेल्या खनिजाचे महिनावार परिमाण, त्यावर भरलेले स्वामित्वधन आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा झालेली रक्कम यांच्या नोंदीची प्रत मिळावी."

टिपरने अपघात झाला तर

जखमीला आधी रुग्णालयात न्या. २०२५ पासून रस्ते अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचार योजना लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात होतात.

भरपाईचे दोन रस्ते आहेत आणि त्यांतला फरक मोठा आहे. गाडी सापडलीच नाही तर २०२२ च्या योजनेनुसार ठरलेली रक्कम मिळते. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये. त्यासाठी उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करायचा असतो. गाडी सापडली तर मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. तिथे मृताचे वय, कमाई आणि घरात त्याच्यावर किती जण अवलंबून होते हे पाहून रक्कम ठरते. कमावत्या माणसाच्या बाबतीत ती २ लाखांच्या कितीतरी पट असू शकते. (आधी ठरलेली रक्कम मिळाली आणि नंतर न्यायाधिकरणाची मिळाली, तर आधीची रक्कम परत करावी लागते.)

म्हणून "गाडी दिसली नाही, नंबर माहीत नाही" एवढ्यावर थांबू नका. एरवी हमरस्त्यावर पळून गेलेली गाडी शोधणे अवघड असते. खाणीच्या रस्त्यावर ते बरेच सोपे आहे, कारण त्या वेळी त्या रस्त्यावर कोणकोणत्या गाड्या होत्या याची यादी कोणाच्या तरी संगणकात पडलेली असते. काट्यावरून ८.५० ला निघालेली गाडी साइडिंगला ९.४० ला पोहोचायला हवी होती. ती मध्येच ११ मिनिटे थांबली असेल, किंवा रोजचा रस्ता सोडून दुसरीकडे वळली असेल, तर ते नोंदीत दिसते.

तक्रार नोंदवताना पोलिसांना लेखी सांगा की अपघाताच्या आधीचा व नंतरचा एक-एक तास धरून त्या रस्त्यावरच्या सर्व खनिज गाड्यांची जीपीएस नोंद, काट्याची नोंद आणि काट्यावरचे कॅमेरा चित्रण जप्त करावे. तपासात अशी नोंद मागवण्याचा अधिकार पोलिसांना आहे. त्याच दिवशी खाणीच्या क्षेत्रीय कार्यालयालाही एक अर्ज द्या आणि ही नोंद पुसू नये असे लिहून पोच घ्या. कॅमेऱ्याचे चित्रण सहसा काही दिवसांनी आपोआप पुसले जाते आणि त्यावर नवे चढते, त्यामुळे तेराव्यानंतर बघू म्हटले तर हातात काही उरत नाही. दुःखाच्या दिवसांत हे कागद घरच्यांकडून होणार नाहीत. शेजाऱ्याने, सरपंचांनी किंवा आशाताईंनी पुढे होऊन अर्ज लिहिला तरी चालतो.

संगणकातली नोंद न्यायाधिकरणात पुरावा म्हणून द्यायची असेल तर तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. ज्याच्या ताब्यात संगणक आहे त्याचीही सही त्यावर लागते, म्हणून नोंद मागतानाच प्रमाणपत्रही मागा. दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल करावा, असे कायदा सांगतो. दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो, अपघाताच्या जिल्ह्यात हेलपाटे घालायची गरज नाही. चंद्रपूरला कामाला आलेल्या बिहार-झारखंडच्या चालकाच्या किंवा केंदुझरला गेलेल्या आपल्याकडच्या मजुराच्या घरच्यांना ही सोय फार कामाची आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागा.

तुम्ही स्वतः चालक असाल तर

पेटी तुमच्यावर पाळत ठेवते, हे खरे आहे. वेग वाढला, गाडी चालू ठेवून उभी केली, आखलेला रस्ता सोडला, की तुमच्या नावापुढे लाल खूण येते. काही खाणींत केबिनमधला कॅमेरा डोळे मिटताहेत का हेही बघतो आणि घंटी वाजवतो. रात्रपाळीत झोप लागून होणारे अपघात पाहता ती घंटी त्रासाची वाटली तरी बंद करू नका. पेटीची वायर काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. वायर काढल्याचा निरोप आधीच गेलेला असतो, आणि पुढे काही झाले तर दोष तुमच्यावर येतो.

पण हीच नोंद तुमच्या बाजूनेही बोलते. फेरीप्रमाणे पैसे मिळत असतील तर रोजच्या फेऱ्या स्वतःच्या वहीत लिहा. काट्याच्या पावतीवरची वेळ, गाडी क्रमांक आणि वजन एवढे पुरे. महिन्याच्या शेवटी कंत्राटदाराचा आकडा जुळला नाही तर कोणत्या तारखेची कोणती फेरी राहिली हे बोट ठेवून दाखवता येते. काट्यावर ३ तास रांगेत उभे राहावे लागले आणि "फेऱ्या कमी का" म्हणून दंड लावला, तर गाडी त्या वेळी काट्यापाशीच उभी होती हे जीपीएसच सांगेल.

वेतन संहितेनुसार, चालकाचे म्हणणे ऐकल्याशिवाय वेतनातून दंड कापता येत नाही. एका वेतन-काळातला एकूण दंड त्या काळाच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे महिन्याला १५,००० रुपये वेतन असेल तर जास्तीत जास्त ४५० रुपये. त्याहून जास्त कापले गेले असेल तर तक्रार करा. खाणींसाठी ही तक्रार राज्याच्या कामगार कार्यालयात चालत नाही, केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे द्यावी लागते. इथेच अनेकांचे महिने वाया जातात. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला जातो आणि तो टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

खाण सरकारी कंपनीची असेल (वेस्टर्न कोलफिल्ड्ससारखी) तर तिच्या ताब्यातली तुमच्या गाडीची नोंद माहिती अधिकारात मागता येते. केंद्र सरकारच्या कंपनीला अर्ज करताना तो केंद्रीय जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, त्या क्षेत्राच्या महाव्यवस्थापक कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. खासगी वाहतूकदाराला हा कायदा थेट लागू होत नाही, पण त्याने खाणीला दिलेली नोंद खाणीकडे असते. ती तिथूनच मागायची.

बेकायदा उत्खनन किंवा वाहतूक दिसली तर

कोळशासाठी केंद्रीय कोळसा मंत्रालयाचे 'खनन प्रहरी' हे मोबाइल ॲप आहे. ते २०१८ मध्ये सुरू झाले. त्यात जागेवरून फोटो काढून पाठवला की ठिकाण आपोआप नोंदले जाते. इतर मोठ्या खनिजांसाठी खाणपट्ट्याच्या हद्दीपासून ५०० मीटरपर्यंतच्या भागावर उपग्रहाने नजर ठेवणारी यंत्रणा २०१६ पासून काम करते. संशयास्पद बदल दिसला की राज्याच्या खनिकर्म अधिकाऱ्यांना कळवले जाते. वाळू-मुरूमसारख्या गौण खनिजासाठी तहसीलदार किंवा जिल्हा खनिकर्म अधिकारी यांच्याकडे तक्रार करा.

तक्रारीत गाडी क्रमांक, दिनांक, वेळ आणि ठिकाण (जवळचा किलोमीटरचा दगड, पूल, शाळा) नक्की लिहा. वेळ नक्की असेल तर अधिकाऱ्याला तुमचा शब्द आणि संगणकातली नोंद शेजारी ठेवून बघता येते. फोटो काढायला गाडीसमोर उभे राहू नका, रात्री एकट्याने पाठलाग करू नका. तुमच्या तक्रारीत वेळ आणि ठिकाण बरोबर असेल तर पुढचा पाठलाग पेटीने आधीच करून ठेवलेला असतो.